सोलापूरच्या हवेत प्रतिकृतीवर ॲक्रिलिक व्हार्निश फवारण्याची पद्धत

विमान-रणगाड्यांच्या प्लॅस्टिक किटपासून बांधलेल्या प्रतिकृतीवर एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या लहान हत्याराने, ॲक्रिलिक व्हार्निश फवारणे हे काम मुळात अवघड नाही. परंतु बाटलीवर छापलेल्या सूचना बहुधा वीस-बावीस अंश तापमानाची आणि बेताच्या ओलाव्याची खोली गृहीत धरून लिहिलेल्या असतात, आणि सोलापुरात तशी हवा वर्षातले थोडेच आठवडे लाभते. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशीच्या पुढे जातो, दुपारची हवा अत्यंत कोरडी असते, आणि फवाऱ्याचा बारीक थेंब नोझलमधून निघून प्रतिकृतीवर पोचेपर्यंत वाटेतच बराचसा वाळून जातो. असा अर्धवट वाळलेला थेंब पृष्ठभागावर पसरत नाही, तो कण होऊन चिकटतो. त्यामुळे ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत व्हार्निशचा, हात आरशासारखा न दिसता खरबरीत दिसतो आणि मॅटचा, म्हणजे बिनचमक व्हार्निशचा, हात गडद रंगांवर पांढुरका दिसतो. म्हणून पुढील प्रत्येक सूचनेमागे एकच कसोटी ठेवली आहे: थेंब ओला पोचला पाहिजे आणि पोचल्यावर त्याचा थर पातळ राहिला पाहिजे. दाब, अंतर, नोझल, थिनर आणि दिवसाची वेळ या सर्वांची निवड याच कसोटीवर करावी.

व्हार्निश कधी आणि कशासाठी

व्हार्निशचा हात एकदाच, अगदी शेवटी द्यायचा असतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एका प्रतिकृतीवर तो साधारणपणे तीन वेळा येतो. रंगकाम पूर्ण वाळल्यावर पहिला हात ग्लॉसचा द्यावा, कारण डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे व अक्षरे, गुळगुळीत पृष्ठभागावरच नीट बसतात. मॅट रंगाच्या सूक्ष्म खड्ड्यांत हवा अडकली की डिकलची पारदर्शक किनार चंदेरी दिसू लागते आणि हा दोष नंतर निघता निघत नाही. डिकल लावून, त्यांना मऊ करणाऱ्या द्रावणाचे डाग ओल्या कापडाने पुसून, पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्यावा. त्यामुळे डिकलची कड रंगात मिसळते आणि पॅनेलच्या रेषांमध्ये भरायच्या तैलरंगाच्या किंवा इनॅमलच्या वॉशपासून (अतिशय पातळ केलेल्या रंगापासून) मूळ रंगाचे रक्षण होते. पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिक व्हार्निशला टर्पेंटाइन किंवा व्हाइट स्पिरिट सहसा इजा करत नाही, आणि वॉशची सगळी पद्धत याच गुणावर उभी आहे. वॉश वाळल्यानंतरचा शेवटचा हात हा प्रतिकृतीला जी झळाळी किंवा जो मंदपणा हवा असेल त्याप्रमाणे ग्लॉस, सॅटिन (अर्धवट चमकीचा) किंवा मॅट असतो.

व्हार्निशची निवड

ॲक्रिलिक या एकाच नावाने वेगवेगळी रसायने विकली जातात, आणि पुष्कळ नुकसान या नामसाधर्म्यातून होते. व्हॅलेहोसारख्या कंपन्यांची पाण्याच्या आधारावरची व्हार्निशे ही राळेच्या सूक्ष्म कणांचे पाण्यातले मिश्रण असतात. पाणी उडून गेले की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तामियाचे एक्स-२२ क्लिअर हे अल्कोहोलच्या आधारावरचे असून त्यासाठी कंपनीचा एक्स-२०ए थिनर मिळतो. मिस्टर कलर मालिकेतील क्लिअर हे ॲक्रिलिक राळेचे असले तरी स्वभावाने लॅकर, म्हणजे तीव्र द्रावक उडून झटपट वाळणारे, आहे आणि त्यासाठी लॅकर थिनरच लागतो. पाण्याच्या व्हार्निशमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल घातले तर त्याच्या गुठळ्या होऊन एअरब्रश तुंबण्याचा धोका असतो, त्यामुळे ज्या कंपनीचे व्हार्निश त्याच कंपनीचा थिनर ही शिस्त निदान सुरुवातीला तरी सोडू नये.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर येथे अजिबात वापरू नये. तो लाकडाच्या आणि मोटारीच्या रंगकामासाठी असतो आणि किटचे पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक त्याने मऊ पडते. लाकडाला लावायचे व्हार्निशही प्रतिकृतीच्या उपयोगाचे नाही, कारण त्याचा थर जाड बसतो आणि कालांतराने पिवळा पडतो. छंदासाठी बनवलेले व्हार्निश ऑनलाइन मागवावे लागले तरी ते मागवावे, मात्र कडक उन्हाळ्यात मागवलेली बाटली उन्हात तापलेल्या वाहनातून येते हे ध्यानात ठेवून ती आल्यावर उघडून, गुठळ्या झाल्या आहेत का ते पाहून मगच वापरावी.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने पाण्याच्या आधारावरचे व्हार्निश घ्यावे, कारण त्याची वाफ कमी त्रासदायक असते आणि हत्यार साफ करणे सोपे जाते. हात बसल्यानंतर उन्हाळ्यातील ग्लॉससाठी मात्र मी एक्स-२२ मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये मिसळून वापरणे पसंत करतो. त्या थिनरमध्ये वाळण्याची गती मंद करणारा घटक असतो, त्यामुळे थेंब पृष्ठभागावर पोचल्यावर त्याला पसरायला उसंत मिळते. ही सोय फुकट मिळत नाही. त्या वाफेसाठी सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क घालणे अनिवार्य ठरते.

मिश्रण

पुष्कळशी पाण्याची व्हार्निशे एअरब्रशसाठी तयार म्हणून विकली जातात, तरीही येथील हवेत ती थोडी पातळ करावी लागतात. ब्रशने लावायचे दाट व्हार्निश असेल तर त्याच्या वीस ते तीस टक्के थिनर घालावा. एअरब्रशसाठी तयार असेल तर पाच ते दहा टक्के पुरतो. मिश्रण योग्य झाले की नाही हे कपाच्या भिंतीवरून कळते: काडीने थेंब वर ओढून सोडला असता तो अडखळत न उतरता एकसारखा खाली वाहिला पाहिजे आणि मागे अगदी पातळ पारदर्शक थर राहिला पाहिजे.

मिश्रण पातळ करण्यासाठी नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये. सोलापुरातील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, आणि पाणी उडाल्यावर त्यातील क्षार जागेवरच राहून गडद रंगावर पांढरे ठिपके उमटवू शकतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी सहज मिळते, तेच घ्यावे. केवळ पाणी घालत जाण्यालाही मर्यादा आहे. पाण्याचा पृष्ठताण मोठा असल्यामुळे फार पातळ झालेले व्हार्निश पसरण्याऐवजी टिपक्यांत गोळा होते आणि कोपऱ्यांत जाऊन साचते. थेंब ओला ठेवण्याचा खरा उपाय पाणी नसून रिटार्डर, म्हणजे वाळणे लांबवणारे द्रव्य, हा आहे. उन्हाळ्यात दहा थेंब व्हार्निशला एक थेंब रिटार्डर आणि एक थेंब फ्लो इम्प्रूव्हर (पृष्ठताण कमी करणारे द्रव्य) हे प्रमाण धरून सुरुवात करावी. रिटार्डर याहून फार वाढवला तर पापुद्रा दिवसेंदिवस चिकट राहतो आणि बोटांचे ठसे घेतो.

मॅट व्हार्निशमध्ये मंदपणा आणणारी पूड, बहुधा सिलिकाची, मिसळलेली असते आणि ती बाटलीच्या तळाशी बसते. वरचे निवळ घेतले तर मॅट येत नाही आणि तळचा गाळ जास्त आला तर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते. म्हणून मॅटची बाटली निदान दोन मिनिटे नीट हलवावी आणि काडीने तळ खरवडून पाहावा. ग्लॉसची बाटली मात्र हलवू नये. ती जोरात हलवली की बुडबुडे होतात आणि ते थेट पृष्ठभागावर येतात. दोन्ही प्रकार कपात ओतण्यापूर्वी जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या तुकड्यातून गाळून घ्यावेत. या एका सवयीने नोझल तुंबण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतात.

हत्यार आणि दाब

वरून कप असलेला, दुहेरी क्रियेचा एअरब्रश या कामाला सर्वांत सोयीचा, कारण त्यात खटका दाबून हवा आणि मागे ओढून व्हार्निश असे दोन्ही स्वतंत्रपणे सांभाळता येते. ०.२ मिमीचे नोझल बारीक कॅमफ्लाजला चांगले असले तरी व्हार्निशला ते योग्य नाही, ०.३ मिमी चालते आणि ०.४ किंवा ०.५ मिमी असेल तर अधिक चांगले. याचे कारण पुन्हा थेंबाच्या आकारात आहे. थेंब जितका बारीक तितका त्याच्या आकारमानाच्या तुलनेत त्याचा उघडा पृष्ठभाग मोठा, आणि तितका तो लवकर वाळतो. मोठे नोझल आणि कमी दाब यांनी थेंब थोडा मोठा राहतो आणि हवेतला प्रवास ओला पार करतो. दाब फार वाढवला की थेंब बारीक होतो, वेगाने आलेली हवा पृष्ठभागावरही वाळवणीचे काम करते, आणि आपणच आपल्या कामाविरुद्ध उन्हाळा उभा करतो.

ग्लॉससाठी १५ ते १८ पीएसआय, म्हणजे सुमारे १ ते १.२ बार, आणि मॅटसाठी २० पीएसआयच्या आसपास दाब ठेवावा. हा आकडा खटका दाबून हवा वाहत असताना वाचावा. खटका सोडलेला असताना गेज जास्त दाब दाखवतो आणि त्या आकड्यावर विसंबले तर प्रत्यक्षात दाब कमी पडतो. कंप्रेसरला हवेची लहान टाकी असेल तर दाब थरथरत नाही. ओलावा अडवणारा ट्रॅप हा उन्हाळ्यात निरुपयोगी वाटतो, पण पावसाळ्यात त्यात जमणारे पाणी पाहिले की त्याची गरज पटते. प्रत्येक बैठकीपूर्वी तो रिकामा करावा, नाहीतर ऐन हाताच्या मध्यावर पाण्याची पिचकारी प्रतिकृतीवर येते.

खोली, वेळ आणि धूळ

सोलापुरात अर्धे यश खोली, वेळ आणि धूळ याच गोष्टींवर अवलंबून असते.

उन्हाळ्यात व्हार्निशचे काम पहाटेपासून सकाळी आठच्या आत उरकावे. त्या वेळी हवा तुलनेने गार आणि थोडी दमट असते, वारा पडलेला असतो आणि रस्त्यावरची धूळ अजून उठलेली नसते. दुपारी एक ते पाच ही वेळ पूर्णपणे वर्ज्य समजावी. पत्र्याच्या छताखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत प्रतिकृती रात्रभर तापत राहिली असेल तर तिचे प्लॅस्टिकच गरम असते आणि त्यावर पडलेला ओला थर पसरण्याआधीच आखडतो. म्हणून प्रतिकृती, व्हार्निशची बाटली आणि थिनर हे तिन्ही आदल्या रात्रीपासून घरातल्या सर्वांत गार खोलीत एकत्र ठेवावे.

कूलरचा उपयोग विचारपूर्वक करता येतो. पाण्याचे व्हार्निश असेल तर काम सुरू करण्यापूर्वी अर्धा तास कूलर लावून खोलीत थोडा ओलावा आणावा आणि एअरब्रश हातात घेण्याआधी तो बंद करावा. चालू कूलरचा झोत फवारा वळवतो आणि त्याच्या वुडवूलच्या जाळ्यांतून सुटलेले तंतू थेट ओल्या व्हार्निशवर बसतात. लॅकर किंवा अल्कोहोलच्या व्हार्निशसाठी मात्र हा उपाय करू नये, याचे कारण पुढे पावसाळ्याच्या संदर्भात येईल.

धुळीबद्दल येथे जास्त सांगावे लागते. शहराच्या पूर्व भागात, जेथे घरोघरी आणि गल्लोगल्ली यंत्रमाग चालतात, तेथील हवेत सुताचे बारीक तंतू कायम तरंगत असतात. चादर आणि टॉवेल यांच्यामुळे ज्या गावाचे नाव झाले तेथे हे होणारच. काम सुरू करण्यापूर्वी तासभर आधी फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, पंखा बंद करावा आणि खोलीत पुन्हा येजा करू नये. टेबलावर ओले वर्तमानपत्र पसरले तर पडलेली धूळ पुन्हा उडत नाही. प्रतिकृती पुसण्यासाठी नवा टेरी टॉवेल कधीही वापरू नये, कारण त्याचे सूत सुटते. चष्म्याचे मऊ कापड किंवा अनेकदा धुतलेल्या जुन्या धोतराचा तुकडा चालतो. अंगावर लोकरी किंवा तंतू सुटणारे कपडेही नसावेत.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी आहे. सोलापूर पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस कमी आणि तोही खंड पडत येतो, त्यात सप्टेंबरचा वाटा मोठा असतो. झड लागलेल्या दिवशी लॅकर किंवा अल्कोहोलचे व्हार्निश फवारू नये. त्यातील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग इतका थंड होतो की हवेतील बाष्प त्यावर साचते आणि पापुद्र्यात अडकून दुधाळ छटा आणते. पाण्याच्या व्हार्निशला हा दोष सहसा होत नाही, परंतु दमट हवेत ते फार हळू वाळते आणि तेवढा वेळ धूळ धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा येथील सर्वांत चांगला काळ आहे, आणि ज्यांच्याकडे बरीच किटे अर्धवट पडलेली असतात त्यांनी त्यांचे व्हार्निशचे काम या चार महिन्यांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

खोलीत फवारा बाहेर ओढणारा पंखा हवाच. खिडकीत बसवलेला नऊ इंची एक्झॉस्ट फॅन आणि त्याच्याभोवती पुठ्ठ्याची किंवा प्लायची पेटी एवढ्यानेही काम भागते, मात्र लॅकरचा फवारा साध्या फॅनच्या मोटारीवरून जाऊ देऊ नये, कारण ती वाफ ज्वलनशील असते. पाण्याचे व्हार्निश निरुपद्रवी समजून नाक उघडे ठेवणेही चुकीचे आहे. फवाऱ्यातील राळेचे आणि सिलिकाचे कण फुप्फुसात जातात. त्यासाठी निदान एन९५ मास्क घालावा, आणि लॅकरसाठी वर सांगितलेला कार्ट्रिजचा मास्कच घालावा, कारण एन९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. लहान मुले त्या खोलीत नसावीत.

प्रतिकृतीची तयारी

रंग वाळला आहे असे दिसणे आणि तो खरोखर पक्का होणे यांत फरक आहे. ॲक्रिलिक रंगाला निदान एक दिवस आणि इनॅमलला चांगले दोन-तीन दिवस द्यावेत. कच्च्या इनॅमलवर व्हार्निश दिले तर खालचा थर आखडताना वरच्या पापुद्र्याला भेगा पडतात. बोटांचा तेलकटपणा हा व्हार्निशचा मोठा शत्रू आहे. डोक्याला खोबरेल लावलेला हात किंवा हाताला लावलेले क्रीम प्रतिकृतीला लागले की तेथून व्हार्निश दूर सरते आणि वाटोळे खड्डे पडतात. म्हणून साबणाने हात धुवून हातमोजे घालावेत आणि डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा थेंब टाकून भिजवलेल्या व पिळलेल्या कापडाने प्रतिकृती हलकेच पुसावी. वाळल्यावर एअरब्रशची नुसती हवा सर्व खाचांमधून फिरवावी.

विमानाची काच, हेडलाइट, पेरिस्कोप असे पारदर्शक भाग मास्किंग टेपने झाकावेत, कारण मॅटचा फवारा काचेवर बसला तर ती धुरकट होते. विमान चाकांच्या खोबणीत घट्ट बसवलेल्या काडीवर किंवा एक्झॉस्टच्या भोकात घातलेल्या बांबूच्या काडीवर धरावे, म्हणजे ते सर्व बाजूंनी फिरवता येते. रणगाड्याचे बुरूज आणि धड वेगळे ठेवूनच काम करणे सोपे जाते.

प्रत्यक्ष हात देणे

प्रतिकृतीवर जाण्यापूर्वी मिश्रण टाकाऊ तुकड्यावर तपासून पाहावे. जुन्या किटमधला उरलेला पंख काळ्या रंगाने रंगवून त्यासाठी राखून ठेवावा. काळ्यावर पांढुरकेपणा, खरबरीतपणा आणि ओघळ हे तिन्ही दोष लगेच दिसतात. तपासणीचा तुकडा त्याच खोलीतल्या त्याच तापमानाचा असला पाहिजे, नाहीतर त्यावरून काढलेला निष्कर्ष प्रतिकृतीला लागू पडत नाही.

उजेड बाजूने आणि खालच्या कोनातून येईल असा दिवा ठेवावा. समोरून पडणाऱ्या उजेडात ओला थर दिसत नाही. तिरप्या उजेडात मात्र कोणता भाग ओला झाला, कोणता कोरडा राहिला आणि कोठे थर साचू लागला हे स्पष्ट दिसते. या कामात हात जे करतो ते डोळ्यांनी त्या चकाकीवरून ठरवायचे असते, सेकंद मोजून नव्हे.

प्रथम पंख आणि धड यांचा सांधा, चाकांची खोबण, रणगाड्याच्या मडगार्डखालची जागा असे कोपरे कमी व्हार्निश सोडून उरकावेत, कारण मोठे सपाट भाग आधी केले तर कोपऱ्यांकडे जाताना उडालेला कोरडा फवारा त्यांच्यावर बसतो. त्यानंतर पहिला हात अगदी विरळ द्यावा. हा हात प्रतिकृती झाकण्यासाठी नसतो. पुढच्या ओल्या थराला धरून ठेवणारी पकड तयार करण्यासाठी असतो. तो दिल्यावर पृष्ठभाग किंचित ठिपकेदार दिसला तरी हरकत नाही. उन्हाळ्यात पाच-सात मिनिटे आणि थंडीत पंधरा मिनिटे थांबून दुसरा, खरा ओला हात द्यावा.

ओल्या हातासाठी हवा आधी सुरू करावी, मग खटका मागे ओढावा. फवारा प्रतिकृतीच्या बाहेर सुरू करून, सरळ रेषेत तिच्यावरून नेऊन, पलीकडे बाहेरच थांबवावा. प्रतिकृतीवर सुरू किंवा बंद केला तर त्या ठिकाणी ठिपका साचतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग झाकेल असा न्यावा. पुस्तिकांमध्ये अंतर १५ सेंटीमीटर सांगितलेले असते. येथील उन्हाळ्यात ते ८ ते १० सेंटीमीटरपर्यंत आणावे आणि त्याबरोबर हाताचा वेग वाढवावा. अंतर कमी केले आणि वेग तोच ठेवला तर ओघळ हमखास येतो. हिवाळ्यात १२ सेंटीमीटर पुरे. ग्लॉसच्या बाबतीत प्रत्येक पट्ट्यानंतर पृष्ठभाग एकसंध ओला चमकला पाहिजे. चमक येण्याच्या आत पुढे सरकलात तर खरबरीतपणा राहतो आणि चमक आल्यावरही रेंगाळलात तर थर वाहू लागतो. या दोन टोकांमधली जागा अरुंद आहे, पण काळ्या तुकड्यावर थोडा सराव केला की ती हाताला सापडते.

मॅटच्या हाताला एवढे ओले जाऊ नये. मॅटमध्ये पूड असल्यामुळे जाड ओला थर दिला की पूड कडांकडे आणि खाचांकडे सरकून तेथे पांढऱ्या रेषा उमटतात. मॅटचे दोन-तीन पातळ, नुसते ओलसर हात अंतर ठेवून द्यावेत आणि पृष्ठभाग हवा तितका मंद झाला की थांबावे. एक हात अधिक द्यावा असे वाटते तेव्हा तो पुष्कळदा नको असतो.

हात दिल्यावर प्रतिकृती उलट्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या टबाखाली झाकावी आणि टबाची एक कड काडीवर टेकवून हवा जाऊ द्यावी. लवकर वाळावी म्हणून उन्हात किंवा गच्चीवर कधीही ठेवू नये. बारीक भाग वाकतात आणि वरचा पापुद्रा आधी आवळून आतला ओलावा अडकवतो. हाताळता येण्याइतके व्हार्निश काही तासांत वाळते, पण त्यावर वॉश करायचा असेल तर पूर्ण एक दिवस, आणि रिटार्डर घातला असेल तर दोन दिवस थांबावे.

किती चमक ठेवावी

व्हार्निशची चमक हा केवळ आवडीचा प्रश्न नाही, प्रमाणाचाही आहे. १:७२ प्रमाणातले विमान आपण हातभर अंतरावरून पाहतो, म्हणजे मूळ विमान वीस-पंचवीस पावलांहून कितीतरी दूरवरून पाहिल्यासारखे. त्या अंतरावर मूळची चमकही मंदावते. म्हणून मूळ विमान चकचकीत असले तरी लहान प्रतिकृतीवर पूर्ण ग्लॉसऐवजी सॅटिन अधिक खरे दिसते. भारतीय वायुदलाच्या नॅट किंवा हंटर या जुन्या लढाऊ विमानांची प्रतिकृती करणाऱ्याने हे करून पाहावे. टी-५५ रणगाड्याला मात्र निखळ मॅटच शोभते, आणि त्याच्या पट्ट्यांवर घासून उघडा पडलेला धातू दाखवायचा असेल तर तो मॅटच्या हातानंतर दाखवावा, कारण धातूच्या रंगावरून मॅट गेले की त्याची लकाकी पूर्ण मरते.

एकाच प्रतिकृतीवर दोन प्रकारची चमक वापरली तर ती सजीव वाटते, आणि आपल्या जिल्ह्यातील एक विषय त्यासाठी फार चांगला आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ही ७६२ मिमी रुंदीच्या रुळांची लाइन होती. तिच्या वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती कोणी तयार करत असेल तर सगळे इंजिन एकाच व्हार्निशने झाकू नये. बॉयलर आणि पाण्याच्या टाक्या पुसून तेल लावलेल्या असत, त्यांना सॅटिन द्यावे. धुराची पेटी आणि धुराडे सतत तापून निस्तेज झालेले असते, त्यांना मॅट द्यावे. सीमारेषेवर कमी चिकट मास्किंग टेप लावावी, व्हार्निश पूर्ण पक्के झाल्याशिवाय ती लावू नये आणि काढताना पृष्ठभागाला समांतर मागे ओढून काढावी.

दोष आणि त्यांची दुरुस्ती

रंगारी ज्याला संत्र्याची साल म्हणतात तो खरबरीतपणा आला असेल तर कारण जवळजवळ नेहमी थेंब वाटेत वाळणे हेच असते. पूर्ण वाळल्यावर २००० आणि मग ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून हलकेच घासावे आणि कमी दाबाने, जवळून, रिटार्डर घालून पुन्हा ओला हात द्यावा. घासताना डिकलवरून कागद फिरवू नये. तेवढा भाग सोडून द्यावा.

मॅटमुळे पांढुरकेपणा आला तर घाबरून लगेच काही खरवडू नये. बहुतेक वेळा त्यावर ग्लॉसचा पातळ ओला हात दिला की तो नाहीसा होतो, कारण ग्लॉस पुडीच्या कणांमधल्या जागा भरून काढतो. त्यानंतर नीट हलवलेल्या मॅटचा पातळ हात पुन्हा द्यावा. पावसाळी दुधाळपणा लॅकरवर आला असेल तर कोरड्या दिवशी केवळ लेव्हलिंग थिनरचा अत्यंत विरळ हात फवारला तर पापुद्रा पुन्हा क्षणभर मऊ होऊन अडकलेला ओलावा सोडतो. हा उपाय पाण्याच्या व्हार्निशवर चालत नाही, आणि खाली ॲक्रिलिक रंग असेल तेथे आधी काळ्या तुकड्यावर तपासल्याशिवाय करू नये.

तंतू बसलेला दिसला तर ओले असताना चिमट्याने काढण्याचा मोह आवरावा. तंतू निघतो पण खोल चर पडतो. वाळू द्यावे, घासावे आणि वरून हात द्यावा. ओघळाचेही तसेच. ओघळ नुकताच आला असेल आणि तो कडेला असेल तर कोरड्या मऊ ब्रशच्या टोकाने टिपता येतो, इतर ठिकाणी वाळण्याची वाट पाहावी.

वाळलेल्या व्हार्निशमुळे एअरब्रशच्या सुईचे टोक वारंवार चोंदते, आणि उन्हाळ्यात तर दर दोन-तीन मिनिटांनी. क्लीनरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कानाच्या काडीवर घेऊन सुईचे टोक पुसावे, आणि तसे करताना एअरब्रश प्रतिकृतीपासून दूर वळवलेला असावा. एकदम मोठा थुंकल्यासारखा फवारा आला तर त्याचे कारण हेच टोक असते.

सफाई आणि साठवण

व्हार्निश रंगाहून कठीण पापुद्रा बनवते, त्यामुळे त्याची सफाई उद्यावर ढकलता येत नाही. कप रिकामा होताच पाणी किंवा संबंधित थिनर फवारून काढावा, नंतर एअरब्रशचा क्लीनर कपात घालून नोझलच्या तोंडावर फडके धरून हवा मागे परतू द्यावी म्हणजे आतले कण सुटतात. सुई बाहेर काढून पुसावी आणि नोझल आठवड्यातून एकदा सुटे करून तपासावे. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव साफ करते खरे, परंतु पितळी भाग त्यात भिजत ठेवू नयेत, आणि वापरल्यावर साध्या पाण्याने धुवावेत.

बाटल्यांची तोंडे पुसून झाकणे घट्ट लावावीत आणि त्या जमिनीलगतच्या, उन्हाची तिरीपही येणार नाही अशा कपाटात ठेवाव्यात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या वरच्या फळीवर राहिलेल्या व्हार्निशची साय धरते आणि मॅटची पूड तळाशी घट्ट बसून पुन्हा मोकळी होत नाही. कपात उरलेले मिश्रण बाटलीत परत ओतू नये, कारण त्यातील रिटार्डर आणि पाणी यांनी मूळ व्हार्निशचे प्रमाण बिघडते. लहान बाटलीत वेगळे ठेवून त्यावर तारीख आणि घातलेले थेंब लिहून ठेवावेत; पुढच्या सकाळी काम पुढे न्यायचे असेल तर ते चालते, त्याहून जास्त दिवस ठेवू नये.